लीचेट गाळणारी बाटली: किती खरं, किती फोटो?

विहंग_प: काल इथे एका बाटलीचा फोटो झळकला. वरून कचरा डेपोचं काळं लीचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी, मध्ये करवंटीचा कोळसा, वाळू, विटांचा चुरा आणि खालून नितळ पाणी. वर सवाल, "पालिका कोट्यवधी का उधळतात?" अहो, रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं? कोळसा रंग धरतो, थोडी सेंद्रिय घाण धरतो. क्लोराइड आरामात खाली उतरतं, अमोनियाही बहुतेक. २०१६ च्या घनकचरा नियमांत लीचेट नदीनाल्यात सोडायला सीओडी (पाण्यातली घाण रासायनिकरीत्या जाळायला लागणारा ऑक्सिजन) २५० आणि अमोनियाकल नायट्रोजन (अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन) ५० मिलिग्रॅम प्रतिलिटर एवढीच मुभा दिली होती. मोजलंत का?

करवंटीवाला: बाटली माझी. पिण्याजोगं म्हणालोच नव्हतो! जुन्या डेपोच्या लीचेटमध्ये जिवाणूंना खायला फारसं उरतच नाही, सगळा ह्युमिक ऐवज, म्हणजे कुजून उरलेला, सहज न विघटणारा गाळ-रंग. तिथे पालिकेचा जिवाणूंवर चालणारा प्लांट काय दिवे लावणार? अमोनियासाठी झिओलाइटचा, म्हणजे अमोनिया धरणाऱ्या सच्छिद्र खनिजाचा थर द्या.

विहंग_प: तो भरला की मिठाच्या पाण्याने धुवायचा. ते पाणी कुठे? धातू धरलेला कोळसा पुन्हा त्याच डेपोवर? शिवाय लीचेटच्या नळ्यांतच चुन्याची पुटं चढतात, तुमची वाळू किती दिवस टिकणार?

डेपोशेजारी: पुण्याच्या कचरा डेपोने उरुळी-फुरसुंगीच्या विहिरी नासल्या, त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. आमच्या विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं. आईचं अर्धं आयुष्य टँकरपुढे हंडे लावण्यात गेलं. शहरवाल्यांनी ओला-सुका वेगळा दिला असता तर एवढं लीचेट झालं असतं का?

कोथरूडची_ताई: आम्ही वेगळाच देतो. गाडीत दोन्ही एकत्र पडतं, त्याला आम्ही काय करणार?

डेपोशेजारी: वेगळा म्हणजे आमटी-भात प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, हो ना? ती गाठ सोडवायला कुणी बसलेलं नसतं.

कोथरूडची_ताई: सगळ्यांना एका मापात मोजू नका! माझ्या गच्चीवर कंपोस्टचे दोन ड्रम आहेत.

डेपोशेजारी: तुमच्या सोसायटीत आणखी किती जणांकडे आहेत?

कोथरूडची_ताई: मी काय घरोघर झडती घेऊ? सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला तर सेक्रेटरी म्हणतात, पार्किंगचं आधी बघू.

विहंग_प: धागा लीचेटचा होता.

करवंटीवाला: घ्या, साहेबांसाठी नमुना प्रयोगशाळेत देतो. सीओडी, अमोनिया, क्लोराइड, तिन्ही. फी तुम्ही भरा, आकडे वाईट आले तर फोटो मी इथून काढून टाकतो.

विहंग_प: अर्धी भरतो. झिओलाइट धुतलेलं पाणीही तपासायचं.