मदत हवी आहे: 'तोंबो द गोत्ये' नक्की कुणाचा?

नमस्कार मंडळी. सतराव्या शतकातल्या फ्रेंच ल्यूट (गिटारसारखं जुनं तंतुवाद्य) संगीतात 'तोंबो' नावाचा प्रकार आहे. शब्दाचा अर्थ थडगं. गेलेल्या गुरूच्या, मित्राच्या आठवणीत रचलेली संथ, गंभीर रचना. अशीच एक रचना मी सध्या गिटारवर बसवतोय आणि अक्षरशः तिच्या प्रेमात आहे.

माझ्याकडे एका हस्तलिखिताची प्रत आहे. ल्यूटच्या स्वरलिपीच्या सहा रेघा, त्यांवर a, b, c अशी अक्षरं, वर मात्रांच्या खुणा आणि मथळा एवढाच: 'तोंबो द गोत्ये'. आता हा 'द' म्हणजे आपला 'चा'. गोत्येचा म्हणजे गोत्येनं रचलेला, की गोत्येसाठी रचलेला?

त्यात गोत्ये नावाचे ल्यूटवादकही दोन. थोरले एनमाँ १६५१ मध्ये गेले, धाकटे दनी १६७२ मध्ये. १६३८ मध्ये वारलेल्या मेझांजो या ल्यूटवादकासाठीचा तोंबो थोरल्यांनी रचलेला मानतात, लांक्लो या ल्यूटवादकासाठीचा दनींनी. पण नकलनवीस बहुतेकदा नुसतं 'गोत्ये' लिहून मोकळे! उलट ब्लांक्रोशे हा ल्यूटवादक १६५२ मध्ये जिन्यावरून पडून गेला, तेव्हा द्यूफो, दनी, फ्रोबेर्गर आणि लुई कूपरँ अशा चौघांनी त्याच्यासाठी तोंबो रचले. तिथे मृताचं नाव पक्कं, पण रचनाकाराचं नाव गळालं तर काय करायचं?

कुणी अशा प्रती ताडून पाहिल्या आहेत का? तारांची जुळणी, खर्जाच्या तारांचा वापर, शेजारच्या पानावरच्या रचना, यांपैकी कशावर जास्त भरवसा ठेवता? एकच रचना दोन हस्तलिखितांत दोन नावांनी आढळली, तर कौल कुणाला देता? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.