‘ताण’ की ‘तान’? एका आरोग्यपत्रकातील वाक्यावरून निघालेली चर्चा

अनुवादिका, काटोल :
उन्हाळ्याआधी गावोगावी वाटायच्या पत्रकाचा अनुवाद माझ्याकडे आहे. ‘पाणी कमी प्यायल्यास शरीरात ताण जास्त वाढतो’ हे त्यातले माझे वाक्य. आशाताईंनी ते बायकांसमोर वाचून दाखवले, तेव्हा मागे बसलेली एक आजी म्हणाली, ‘पानी कमी पेलं त तान वाढनच नं बाई, हे काय छापून सांगा लागते?’ आपल्याकडे ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘तहान’ची ‘तान’ होते, त्यामुळे लिहिताना वेगळे असणारे हे दोन शब्द कानावर मात्र एकच पडतात. ‘ताण’ ठेवावा की सरळ ‘टेन्शन’ लिहावे? आणि पत्रकात आलेल्या ‘व्हॅसोप्रेसिन’ या संप्रेरकाला मराठी शब्द कोणता योजावा?

निवृत्त मराठी शिक्षक, दर्यापूर :
‘टेन्शन’ लिहिण्याचे काहीच कारण नाही. ‘ताण’ पुल्लिंगी आहे आणि ‘तहान’ स्त्रीलिंगी, तेव्हा ‘वाढतो’ या क्रियापदानेच संशय फिटतो. शिवाय हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे असावेत, असे मला फार दिवसांपासून वाटते, कारण तहानेने घसा ताणला जातो. व्हॅसोप्रेसिनसाठी ‘मूत्ररोधक संप्रेरक’ हा शब्द सुचवतो.

शरीरक्रियाशास्त्र शिकवणारी, वर्धा :
सर, वऱ्हाडीत ‘तो जाते’ आणि ‘ती जाते’ यांत फरक राहत नाही, त्यामुळे ‘तान वाढते’ यातले लिंग कानाला कळत नाही, आणि आजींच्या ‘वाढन’मध्ये तर ते मुळातच नाही. ‘मूत्ररोधक’ म्हटल्यावर आमच्याकडचा माणूस लघवी तुंबली असेच समजेल. हे संप्रेरक लघवी अडवत नाही. ते मूत्रपिंडाला पाणी परत रक्तात ओढायला लावते, त्यामुळे लघवी थोडी आणि गडद होते. ‘पाणी राखणारे संप्रेरक’ लिहा आणि व्हॅसोप्रेसिन हे नाव तसेच राहू द्या.
या नावाचा अर्थ ‘रक्तवाहिन्या आवळणारे’ असा आहे, कारण त्याचा रक्तदाबावरचा परिणाम आधी लक्षात आला होता. तुमच्या पत्रकाला मात्र त्याचे तिसरे काम हवे आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये तयार होणारे हेच संप्रेरक पीयूषिका ग्रंथीच्या पुढच्या भागालाही चेतवते, तिथून निघालेला निरोप मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींना पोचतो आणि त्या कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, सोडतात. लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठाच्या 2025 सालच्या अभ्यासात तरुण, निरोगी माणसांना परीक्षकांपुढे भाषण करायला आणि तोंडी गणित सोडवायला लावले होते. घबराट आणि हृदयाचे ठोके कमी पाणी पिणाऱ्या आणि पुरेसे पिणाऱ्या अशा दोन्ही गटांत सारखेच वाढले, पण दिवसाला दीड लिटरहून कमी द्रव घेणाऱ्यांचे कॉर्टिसॉल बरेच जास्त चढले. विशेष म्हणजे त्यांना तहान काही अधिक लागलेली नव्हती. तुमच्या पत्रकाचे म्हणणे नेमके हेच आहे, म्हणून आजींनी लावलेला अर्थ इथे चालणार नाही.

संत्राबागाईतदार, मोर्शी :
आपण सर्वजण ‘ताण’ हा शब्द जणू आजच मराठीत आल्यासारखे बोलत आहात. आमच्या बागेत ताण म्हणजे पाणी तोडणेच. आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरात बाग ताणावर सोडतो. दुपारी पान मलूल होऊन मिटू लागते, आधी ते सकाळपर्यंत सावरते, आणि ज्या दिवशी सकाळीही सावरत नाही त्या दिवशी ताण पुरे झाला म्हणून हलके पाणी देऊन तो तोडतो. माझ्या वडिलांनी पाणी आणि ताण हे दोन शब्द कधी वेगळे उच्चारलेच नाहीत. पत्रकात ‘माणसाला ताणावर सोडू नका’ असे लिहा, आजींना लगेच कळेल.

शरीरक्रियाशास्त्र शिकवणारी, वर्धा :
वाक्य सुरेख आहे. झाडातही पाणी तुटले की अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक वाढते आणि पानांवरची रंध्रे मिटतात. पण बागेला ताण हवा म्हणून देतात, तो बहारासाठी असतो. वाचणाऱ्याने उलटा अर्थ घेतला तर?

निवृत्त मराठी शिक्षक, दर्यापूर :
‘संत्राबागाईतदार’ नव्हे, ‘संत्रीबागाईतदार’. आणि माझ्या व्युत्पत्तीवर कोणीच काही बोलले नाही.

अनुवादिका, काटोल :
सर, ‘तहान’ संस्कृत ‘तृष्णा’ आणि प्राकृत ‘तण्हा’ यांवरून येते, तर ‘ताण’ हा ‘तन्’ म्हणजे ताणणे या धातूपासून. मुळे दोन आहेत, वऱ्हाडात येऊन ती एका उच्चारात मिळाली. माझे वाक्य मात्र अजून तिथेच अडले आहे आणि पत्रक उद्या छापखान्यात द्यायचे आहे.

संत्राबागाईतदार, मोर्शी :
‘संत्रा’च बरोबर आहे, सर. आमच्या मंडईत ‘संत्रीबागाईतदार’ म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. भारी काळ्या जमिनीत ताण जास्त दिवस लागतो आणि हलक्या जमिनीत लवकर बसतो, हेही त्या पत्रकात कुठेतरी घालता आले तर पाहा.