घरी केलेला फळांचा कॉबलर: तुमचे अनुभव सांगा

खाली रसरशीत फळं, वर आतून मऊ आणि कडेने खरपूस झालेला मैद्याचा थर, दोन्ही एकाच भांड्यात भाजलेलं: एवढाच कॉबलर. ॲपल पायसारखी पारी लाटायची नाही, कडा दुमडायच्या नाहीत, केक बसला की फुगला म्हणून जीव टांगणीला लागत नाही. अमेरिकेत 19व्या शतकात लोक हा पदार्थ जाड लोखंडी भांड्यात, झाकणावरही निखारे ठेवून करायचे. दिसायला तो ओबडधोबडच असतो आणि असावा.

मी वापरते ते प्रमाण देऊन ठेवते, म्हणजे बोलायला काहीतरी आधार राहील. 20 सेंमी चौरस, जरा खोल भांडं. 700 ते 800 ग्रॅम फळांच्या फोडी, त्यात अर्धा कप साखर, एक ते दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, एक मोठा चमचा लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. वरच्या थराला दीड कप मैदा, पाव कप साखर, दोन लहान चमचे बेकिंग पावडर, अर्धा लहान चमचा मीठ, 85 ग्रॅम थंडगार लोणी आणि पाऊण कपापर्यंत ताक किंवा दूध. लोणी मैद्यात बोटांनी चुरायचं, वाटाण्याएवढे तुकडे राहिले तर उत्तमच. ताक घालून जेमतेम एकत्र करायचं, मळायचं नाही. चमच्याने गोळे फळांवर टाकायचे, मध्ये फटी ठेवायच्या. 190 अंशांवर 35 ते 45 मिनिटं.

हे प्रमाण कुठेही मिळेल. मला ऐकायचंय ते पुढचं. तुमच्या फळांनी, भांड्याने, ओव्हनने काय केलं? विशेषतः रसाचं काय केलंत? माझ्या मते कॉबलरमध्ये सांभाळायची गोष्ट एकच, फळांचं पाणी. बाकी सगळं तो पोटात घालतो.

*

पाण्याबद्दल शंभर टक्के सहमत, म्हणून आधी त्यावरच लिहितो.

कॉर्नफ्लोअर घातलं म्हणजे रस घट्ट झाला असं होत नाही. त्यातला स्टार्च फुगून रस धरायला तो रस जवळजवळ उकळीला यावा लागतो. कडेला आधी बुडबुडे येतात, कारण भांड्याची कड लवकर तापते. आपण ते बघून खूश होतो आणि बाहेर काढतो. मधला भाग तेव्हा नुसता कोमट पातळ असतो. माझा नियम असा, की मधल्या फटीतून बुडबुडे दिसले पाहिजेत, आणि तेही हळू, जाड, डबडब आवाज करणारे. भराभर फुटणारे बारीक बुडबुडे म्हणजे रस अजून पातळ आहे. गोळ्यांमध्ये फटी ठेवायच्या त्या वाफेसाठी असतातच, पण हे बघायला खिडकी म्हणूनही त्यांचा उपयोग होतो. वरचा थर तोवर जास्त तांबूस व्हायला लागला तर वर सैलसर फॉइल टाकतो आणि खालचं होऊ देतो.

दुसरं म्हणजे थांबणं. ओव्हनमधून काढल्यावर अर्धा तास तरी चमचा लावायचा नाही. स्टार्चने धरलेला रस निवताना आणखी आळतो. गरम गरम वाढलेला कॉबलर ताटलीत पळतो, तोच अर्ध्या तासाने नीट बसतो. घरच्यांना हे पटवणं ही पाककृतीतली सगळ्यात अवघड पायरी!

आणि सगळ्या फळांना सारखं कॉर्नफ्लोअर घालू नका. सफरचंद, नासपती यांना एक चमचा पुरतो. पीच, प्लम, चेरी, बेरी यांना दोन, फारच पिकलेली असतील तर थोडं वरच.

*

आमच्याकडे लोणी चुरण्याचा प्रकार होतच नाही. आम्ही पातळ पिठाचा करतो आणि माझ्या मते 'सोपा' हे विशेषण त्यालाच शोभतं.

भांड्यात अर्धा कप लोणी घालायचं आणि ओव्हन तापत असताना तेच भांडं आत ठेवायचं. लोणी वितळलं की बाहेर काढायचं. एक कप मैदा, एक कप साखर, एक कप दूध, दीड लहान चमचा बेकिंग पावडर, थोडं मीठ हे सगळं फेटून त्या लोण्यावर ओतायचं. वरून फळं पसरायची. आणि आता महत्त्वाचं: ढवळायचं नाही. हात शिवशिवतात, सगळं एकत्र करावंसं वाटतं, पण नाही. 175-180 अंशांवर 45 ते 50 मिनिटांत पीठ फुगून फळांच्या आजूबाजूने वर येतं आणि फळं खाली जातात. कडेला लोण्यात तळल्यासारखी कुरकुरीत किनार होते. ती कोपऱ्याची वडी कोणाला यावरून आमच्याकडे भांडणं होतात.

साखर एक कप मला जास्त वाटते, मी पाऊण घालते. फळं दोन-तीन कपांहून जास्त नकोत, नाहीतर ओझ्याखाली पीठ वर येतच नाही आणि मध्ये गिच्च राहतं.

*

ताई, चवीला छान लागत असेल, वाद नाही, पण हा फळांचा केक झाला. कॉबलर म्हणजे वर गोळे हवेत. (कोपऱ्याची वडी मात्र मलाही चालेल.)

*

गोळ्यांचा खालचा भाग कच्चट राहतो अशी तक्रार खूप ऐकते. वरून छान तांबूस, चमचा घातला की खाली ओलं पीठ. कारण सरळ आहे: गार, ओल्या फळांवर पीठ ठेवलं की त्याची वरची बाजू भाजते आणि खालची बाजू फळं तापेपर्यंत नुसती भिजत बसते.

मी फळं एकटीच आधी ओव्हनमध्ये ठेवते, दहा-पंधरा मिनिटं, कडेला बुडबुडे येईपर्यंत. तेवढ्या वेळात वरचं पीठ तयार करते. आधी करून ठेवायचं नाही, कारण ओलं झाल्या क्षणापासून बेकिंग पावडरचं काम सुरू होतं आणि लोणीही मऊ पडतं. मग गरम फळांवर गोळे टाकायचे, म्हणजे ते खालून वाफेवर आणि वरून कोरड्या आचेवर शिजतात. गोळे मोठे नकोत, साधारण लिंबाएवढे, आणि बोटाने किंचित चपटे केलेले. एका मधल्या गोळ्याला काट्याने उचकटून बघते. आतून पाव दिसला तर झालं, चिकट पीठ दिसलं तर अजून पाच-सात मिनिटं. थर्मामीटर असेल तर गोळ्याच्या मध्यात 93 ते 95 अंश आले की निर्धास्त.

वर थोडं दूध लावून जाडसर साखर भुरभुरली तर एक करकरीत पापुद्रा येतो. हे वगळू नका, मेहनत शून्य आणि फरक मोठा.

*

ब्लूबेरीचा केला तेव्हा पिठाला जागोजागी हिरवट-निळसर डाग आले. खराब झालं की काय म्हणून घरात कोणी हात लावेना. प्रत्यक्षात काही बिघडलं नव्हतं. बेरीचा जो जांभळा रंग असतो तो आंबटात लालसर होतो आणि सोड्यासारख्या अल्कलीत निळा-हिरवा. पिठात बेकिंग सोडा जास्त असेल, किंवा त्याला पुरेसं आंबट मिळालं नसेल तर रस लागेल तिथे असा रंग चढतो. आता बेरी असल्या की मी सोडा घालतच नाही, नुसती बेकिंग पावडर, आणि फळांत लिंबू न चुकता.

*

भांड्याबद्दल कोणीच बोललं नाही अजून.

साधं ॲल्युमिनियमचं भांडं आंबट फळांना नको. फळांची आम्लं धातूशी खेळतात, रसाला धातूची चव येते आणि भांडंही काळवंडतं. काच किंवा चिनी मातीचं भांडं उत्तम. काचेचं एक बरं, की खाली रस कसा उकळतोय ते बाहेरून दिसतं. पण फ्रिजमधून काढलेलं काचेचं भांडं थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नये, तडकू शकतं. काच तापायला वेळही घेते, पाच मिनिटं जास्त धरा.

माझा ओव्हन लहान आहे आणि वरची कांडी पदार्थाच्या अगदी डोक्यावर येते. म्हणून मी जाळी सगळ्यात खालच्या खाचेत लावतो आणि शेवटची दहा मिनिटं सोडून फॉइल झाकून ठेवतो. भांडं काठोकाठ भरू नका, दोन बोटं जागा सोडा, आणि खाली एक ट्रे ठेवाच. उतू गेलेला साखरेचा रस ओव्हनच्या तळाला जळला की पुढे काहीही भाजलं तरी त्याचाच वास येतो.

*

फ्रोझन फळं वापरणाऱ्यांसाठी: वितळवू नका, तशीच घ्या. वितळवली की पाणी सुटतं आणि फोडी लगदा होतात. एक चमचा कॉर्नफ्लोअर जास्त, 10-15 मिनिटं जास्त. डब्यातल्या फळांचा पाक मात्र पूर्ण निथळा आणि साखर निम्मी करा.

*

मी फक्त सफरचंदाचाच करते, पण त्यात इतक्या खोड्या आहेत की एकच फळ पुरे.

पहिलं म्हणजे सफरचंद कुठलं. पिठूळ, मऊ सफरचंद भाजलं की त्याची प्युरी होते. चावताना करकरणारं आणि जिभेला जरा आंबट लागणारं घ्यावं, ग्रॅनी स्मिथसारखं. ते मिळालं तरी मी थोडं गोड सफरचंदही मिसळते. नुसत्या आंबटाचा कंटाळा येतो, आणि गोड फोडी जरा विरघळल्या की त्यांचाच दाटपणा रसाला येतो.

दुसरं, फोडींची जाडी. पातळ चकत्या केल्या की त्या एकमेकींना चिकटून थर होतात, मधून वाफ फिरत नाही. जाड चौकोनी तुकडे केले की वरचं पीठ झालं तरी सफरचंद कचकचीत. अर्धा सेंमीपेक्षा किंचित जाड फोडी मला जमल्यात.

तिसरं, मी सफरचंद आधी कढईत परतते. चमचाभर लोणी, साखर, दालचिनी, आणि झाकण ठेवून पाच-सहा मिनिटं. पाणी सुटतं, मग झाकण काढून ते आटवते. सफरचंद आकाराने बसतं ते इथेच बसतं. नाहीतर ओव्हनमध्ये फळं खाली जातात, वरचं पीठ अधांतरी राहतं आणि मध्ये पोकळी. लोक म्हणतात एक भांडं जास्त पडलं, मग सोपं काय? पडू दे. चव वेगळीच येते.

दालचिनी बेताने. जायफळ तर अगदी चिमटीने, ते लगेच दादागिरी करायला लागतं.

*

दोन प्रश्न आहेत. घरी दूध-लोणी चालत नाही अशी व्यक्ती आहे, तिच्यासाठी काय? आणि साखर किती कमी करता येईल?

*

पहिल्याचं उत्तर देतो, कारण आमच्याकडे तेच आहे. लोण्याऐवजी गोठवून ठेवलेलं खोबरेल तेल किसून घालतो. पटकन काम करावं लागतं, हाताच्या उबेने ते विरघळतं. दुधाऐवजी सोयाचं किंवा ओटचं दूध, त्यात लिंबाचे थोडे थेंब. अंडं गोळ्यांच्या प्रकारात मुळातच नसतं, त्यामुळे तो प्रश्न येत नाही.

*

साखरेचं मी सांगते. वरच्या थरात ती अगदी दोन चमच्यांवर आणली तरी चालतं, फक्त रंग जरा फिका येतो. खाली मात्र आधी फळ चाखा. पिकलेल्या आंब्याला, गोड पीचला पाव कपही खूप, उलट लिंबू वाढवा. आंबट प्लम आणि चेरीला अर्धा कप लागतोच.

फळं फारच पाणीदार असतील तर साखरेचा आणखी एक उपयोग. फोडींना साखर लावून अर्धा तास चाळणीत ठेवा, खाली वाडगा. साखर पाणी ओढून बाहेर काढते. तो रस छोट्या पातेल्यात निम्मा होईपर्यंत आटवा आणि परत फळांत घाला. थोडं कॉर्नफ्लोअर मग पुरेल, आणि फळाची चव पातळ न होता उलट गडद होईल. वर ज्यांनी बुडबुड्यांबद्दल लिहिलंय त्यांनी हे करून बघा, तुमचा अर्धा तासाचा उपवास कदाचित वीस मिनिटांवर येईल.

*

करून बघितलं. प्लमचा केला होता. वीस मिनिटांत वाढला आणि ताटलीत पळाला नाही. पण आटवताना लक्ष ठेवा, शेवटी तो रस फार भरभर पाकावर जातो.

उरलेल्याचं कोणी विचारायच्या आत सांगून टाकतो: फ्रिजमध्ये तीन दिवस सहज राहतो. मायक्रोवेव्हमध्ये वरचा थर लिबलिबीत होतो, 170 अंशांवर पंधरा मिनिटं ठेवला तर पुन्हा बराचसा कुरकुरीत होतो. सकाळी दह्याबरोबर खातो मी, आणि मला तो आदल्या दिवशीपेक्षा जास्त आवडतो.