बॅच रिअ‍ॅक्टरचा हॅझॉप: सुरुवात कुठून?

हॅझॉप म्हणजे प्लांटमध्ये काय काय बिघडू शकतं ते गाइडवर्ड (नो, मोअर असे ठरावीक शब्द) लावून पद्धतशीर शोधणं. ते शिकणाऱ्या कुणी विचारलंय, 'गाइडवर्ड पाठ झाले, आता पुढे काय?' नवी मुंबईतल्या महापे-रबाळे पट्ट्यातल्या केमिकल कारखान्यात काम करणार असाल तर सराव बॅच रिअ‍ॅक्टरवरच (एका वेळी एकच घाणा भरून, पूर्ण करून रिकामं करायचं भांडं) करा. शिकवणीतली उदाहरणं बहुधा सतत चालणाऱ्या प्लांटची असतात. तिथे नो, मोअर, लेस, रिव्हर्सवर बरंच भागतं. बॅचमध्ये अर्ली, लेट, बिफोर, आफ्टर हेही लावावे लागतात, आणि पाइपलाइनइतकीच एसओपीची (काम करण्याच्या लेखी पद्धतीची) प्रत्येक पायरी तपासावी लागते.

समजा पायरी आहे: ढवळत असताना अ‍ॅसिड हळूहळू सोडणे. डेव्हिएशन (ठरल्यापेक्षा वेगळं घडणं): अ‍ॅजिटेटर (ढवळणी) बंद असतानाच फीड सुरू. अ‍ॅसिड न मिसळता साचतं. मग कुणी घाईने अ‍ॅजिटेटर लावला की सगळं एकदम रिअ‍ॅक्ट होतं आणि जॅकेटला (रिअ‍ॅक्टरभोवतीच्या थंड करणाऱ्या आवरणाला) उष्णता आवरत नाही. परिणाम लिहिताना सेफगार्ड (धोका रोखणाऱ्या सोयी) नाहीतच असं धरायचं. (नवखे इथेच चुकतात: 'अलार्म आहे' म्हणून परिणाम सौम्य करून टाकतात.)

'ऑपरेटर लक्ष ठेवेल' हा सेफगार्ड नव्हे. अ‍ॅजिटेटर थांबताच फीड व्हॉल्व्ह आपोआप बंद करणारा इंटरलॉक चालेल, पण तो सिग्नल कुठून घेतो ते विचारा. फक्त स्टार्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) कॉन्टॅक्टवरून घेत असेल तर कपलिंग (मोटर आणि अ‍ॅजिटेटरचा शाफ्ट जोडणारा भाग) तुटल्यावरही मोटर फिरतेच, आणि फीड चालूच राहतं. शाफ्टवर स्पीड सेन्सर किंवा मोटरचा लो करंट ट्रिप (मोटरचा करंट फार कमी झाला की फीड बंद करणारी सोय) हवा.