प्रति: टेलरच्या आधीचा एमव्हीपी

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये एमव्हीपी (मोसमातला सर्वात मोलाचा खेळाडू) ठरलेला पहिला बचावपटू म्हणजे लॉरेन्स टेलर, असं तुम्ही म्हणता. टेलरला १९८६ चा एमव्हीपी मिळाला हे बरोबर, पण बचाव फळीतला तो पहिला नव्हे. १९७१ साली मिनेसोटा वायकिंग्जच्या ॲलन पेजला हा मान मिळाला होता. त्यानंतर बचावपटूंपैकी फक्त टेलर. एरवी हा पुरस्कार बहुतेक वेळा क्वार्टरबॅकच्याच (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) घरी जातो.

पेज डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे अगदी मधल्या रेटारेटीतला गडी. पण त्याचं खरं शस्त्र वेग होतं. समोरचा सावरायच्या आत हा पठ्ठ्या आत घुसलेला असायचा. वायकिंग्ज चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, खेळले आणि चारही हरले. त्या चारही संघांत तो होता, बिचारा.

मला मात्र त्याचा पुढचा भाग जास्त भारी वाटतो. खेळता खेळताच त्याने मिनेसोटा विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली, १९७८ मध्ये. त्याच वर्षी वायकिंग्जने त्याला सोडलं. बायकोने सिगारेट सोडण्यासाठी धावायला सुरुवात केली, हाही सोबत धावू लागला आणि वजन उतरलं, हे संघाला खुपत होतं. मग शिकागो बेअर्सकडून तो १९८१ पर्यंत खेळलाच की!

१९९२ मध्ये तो मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून आला, तिथला पहिला कृष्णवर्णीय न्यायाधीश. २०१५ मध्ये सत्तरीच्या नियमामुळे निवृत्त झाला. आणि हो, ओहायोतल्या कँटनमधलं फुटबॉलच्या दिग्गजांचं हॉल ऑफ फेम बांधलं जात असताना शाळकरी पेज तिथे बांधकामावर राबला होता. १९८८ मध्ये त्याच हॉलमध्ये त्याचा समावेश झाला.