डॉमिनिकन रिपब्लिक : ताम्बोरिलमधील घरगुती सिगार कारखाना पाहण्याविषयी माहिती हवी आहे

पैलतीर_न्यूजर्सी

नमस्कार. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, मुलीच्या शाळेला नाताळची सुटी असताना, आम्ही सहकुटुंब डॉमिनिकन रिपब्लिकमधील पुंता काना येथे जाण्याच्या विचारात आहोत. सध्या आमच्याकडे आलेले माझे सासरेही सोबत असतील. ते निपाणीतील एका तंबाखूच्या वखारीत अनेक वर्षे हिशेबनीस होते, त्यामुळे समुद्रकिनाऱ्यावर खुर्ची टाकून बसण्यात त्यांना काडीचाही रस नाही. मात्र या देशात अजूनही हाताने सिगार वळणारे छोटे घरगुती कारखाने आहेत, हे कळल्यापासून त्यांनी तो एकच विषय लावून धरला आहे.

आमच्या रिसॉर्टच्या सहलींच्या यादीत ‘सिगार कारखाना भेट’ आहे, पण तिच्यासोबत चॉकलेट, कॉफी आणि दागिन्यांची दुकानेही जोडलेली दिसतात, आणि अशा सहलीत कारखाना किती आणि दुकान किती, याची शंका येते. वाचनात ताम्बोरिल या गावाचे नाव वारंवार आले. तेथे पुंता कानाहून एका दिवसात जाऊन येता येईल का? खरा कारखाना आणि पर्यटकांसाठी मांडलेला देखावा यांतला फरक बाहेरच्या माणसाने कसा ओळखावा? आमच्यापैकी कोणीही धूम्रपान करत नाही, तेव्हा काही विकत न घेता नुसते पाहणे तेथे अशिष्ट मानले जाईल का? शिवाय चौदा वर्षांच्या मुलीला अशा ठिकाणी नेणे कितपत योग्य, हाही प्रश्न आहे. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रानवाट

आधी तारखांचे पाहा, कारण तुमची मुख्य अडचण तेथे आहे. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत या देशातील बहुतेक सिगार कारखाने नाताळच्या सुटीसाठी बंद असतात आणि वळणारे कारागीर आपापल्या गावी गेलेले असतात. त्या आठवड्यात एखाद्या घरगुती कारखान्याचे दार उघडे सापडलेच, तर मालक तुम्हाला आनंदाने सिगार विकेल, पण बाके रिकामी असतील. सासऱ्यांना काम चालू असताना पाहायचे असेल, तर ही सहल फेब्रुवारीत न्यावी. न्यू जर्सीतील काही शाळांना त्या महिन्यात प्रेसिडेंट्स डेच्या आसपास आठवडाभर सुटी असते. एप्रिलचा विचार करत असाल, तर ईस्टरपूर्वीचा पवित्र आठवडा टाळावा. त्यातील गुरुवार-शुक्रवारी सारा देश थांबलेला असतो. फेब्रुवारीत आणखी एक लाभ आहे. तेव्हा तंबाखूची तोडणी चालू असते, आणि सान्तियागोच्या पश्चिमेला व्हिया गोन्सालेस व नाव्हार्रेते या बाजूला गेल्यास शेते आणि पाने वाळत टाकलेल्या उंच शेड रस्त्यावरूनही दिसतात. एवढे मात्र ध्यानात ठेवा की, मोठ्या उत्पादकांच्या ‘प्रोसिगार’ या संघटनेचा वार्षिक महोत्सवही फेब्रुवारीतच असतो आणि त्या दिवसांत सान्तियागोतील चांगली हॉटेले आधीच भरलेली असतात.

आता अंतराविषयी. पुंता काना देशाच्या पूर्व टोकाला आहे आणि सान्तियागो उत्तरेकडील सिबाओ खोऱ्यात. मध्ये राजधानी सान्तो दोमिंगो पार करावी लागते. एका बाजूलाच साधारण साडेचार-पाच तास मोडतात. वृद्ध माणसाला घेऊन एका दिवसात जाऊन येणे म्हणजे केवळ गाडीत बसणे होईल. न्यूयॉर्क परिसरातून सान्तियागोच्या सिबाओ विमानतळावर थेट विमाने जातात. तेथे उतरावे, दोन रात्री राहावे आणि समुद्र हवाच असेल, तर पुढे पुएर्तो प्लाताला जावे. तो किनारा तेथून दीड तासावर आहे. ताम्बोरिल सान्तियागोला लागूनच आहे, टॅक्सीने अर्ध्या तासात पोहोचता.

गावाविषयी थोडे. १९०३ साली एदुआर्दो लेओन हिमेनेस यांनी ताम्बोरिलच्या ग्वासुमाल भागात ‘ला आउरोरा’ हा कारखाना सुरू केला. आज चालू असलेल्या डॉमिनिकन कारखान्यांत तो सर्वांत जुना मानला जातो. १९६० मध्ये क्यूबातील सिगार उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर तेथून बाहेर पडलेली काही घराणी आपले कसब आणि बियाणे घेऊन या खोऱ्यात आली. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेत सिगारची जबरदस्त लाट आली, तेव्हा ताम्बोरिलमध्ये घराच्या पडवीत, गॅरेजमध्ये, गच्चीवर अक्षरशः कुठेही चार बाके टाकून लोक सिगार वळू लागले. दशक संपता संपता ती लाट ओसरली आणि त्यांतले बरेचसे मिटले. जे टिकले, ते बहुधा पिढीजात कारागिरांचे. अशा लहान कारखान्याला तेथे ‘चिंचाल’ म्हणतात. टॅक्सीवाल्याला हा शब्द सांगितलात, तर तो तुम्हाला मोठ्या कंपनीच्या दुकानाऐवजी योग्य दाराशी नेईल. सोमवार ते शुक्रवार, सकाळची वेळ उत्तम.

सीमाभागी

मी स्वतः निपाणी परिसरातला, त्यामुळे तुमच्या सासऱ्यांना तेथे काय वेगळे वाटेल, याचा अंदाज करू शकतो. गेल्या वर्षी मी ताम्बोरिलमधील एका घरगुती कारखान्यात सकाळभर बसलो होतो. मालक, त्यांची पत्नी, मुलगा आणि बाहेरचे सहा-सात कारागीर, एवढाच पसारा. ज्याने विडी वळताना पाहिली आहे, त्याला पहिला धक्का बसतो तो कामाच्या वाटणीचा. आपल्याकडे एकच बाई तेंदूचे पान कापते, जर्दा भरते, वळते, तोंड दुमडते आणि दोरा बांधते. तेथे एक सिगार दोघांच्या हातून जाते. क्यूबात एकच कारागीर ती अखेरपर्यंत वळतो; डॉमिनिकन पद्धतीत मात्र ‘बोंचेरो’ आतला गाभा तयार करतो आणि शेजारी बसलेली ‘रोलेरा’ त्यावर बाहेरचे पान चढवते. गाभा करणारे बहुधा पुरुष आणि पान चढवणाऱ्या बहुधा स्त्रिया, असे मला दिसले. चांगली जोडी आकारानुसार दिवसाला दोनशे ते चारशे सिगार करते, आणि मजुरी बहुतेक ठिकाणी नगावर असते, म्हणजे आपल्या हजारी विडीसारखीच.

गाभ्याचे काम नीट पाहा, कारण बहुतेक पर्यटक वरच्या पानाच्या चकाकीकडे पाहत राहतात आणि खरी कारागिरी त्यांच्या नजरेतून निसटते. बोंचेरो तीन-चार प्रकारची पाने हातात घेतो. झाडाच्या शेंड्याकडची जाड व कडक पाने ‘लिहेरो’, मधली ‘सेको’ आणि खालची सहज पेटणारी ‘व्होलादो’. लिहेरो सावकाश जळते म्हणून ते नेमके मध्यभागी ठेवावे लागते. ते कडेला सरकले, तर सिगार एका बाजूने जळत जाते. मी ज्यांच्याजवळ बसलो होतो, ते गृहस्थ प्रत्येक पान स्वतःवरच दुमडून त्याची उभी नळी करत आणि अशा नळ्या मुठीत एकत्र धरत, जेणेकरून हवेला टोकापासून टोकापर्यंत वाट राहावी. मूठ आवळताना ते अंगठ्याने जागोजागी चाचपत आणि जेथे पोकळ लागेल, तेथे चिमूटभर पान सरकवत. मग त्यावर बंधपान गुंडाळून तो गाभा लाकडी साच्याच्या खोबणीत ठेवला जातो. एका साच्यात दहा खोबण्या असतात. साचे एकावर एक रचून स्क्रूच्या दाबयंत्राखाली अर्धा-पाऊण तास आवळतात, आणि मध्येच साचा उघडून प्रत्येक गाभा थोडा फिरवतात, नाहीतर साच्याच्या सांध्याची रेघ त्यावर उमटते.

रोलेराकडे अर्धचंद्राकृती पाते असते, ‘चाव्हेता’, त्याला मूठ नसते. त्याच पात्याने ती पान कापते, सपाट करते आणि सिगार फळीवर लाटून सारखी करते. ओलसर पान ताणून तिरके चढवायचे, शिरांची बाजू आत ठेवायची आणि शेवटी त्याच पानाच्या नाण्याएवढ्या तुकड्याची टोपी वनस्पतिजन्य डिंकाने चिकटवायची. त्या बाईंनी एक पान उजेडाकडे धरून पाहिले, सुईच्या अग्राएवढे छिद्र दिसले आणि ते पान मुकाट्याने बाजूला टाकले. तेथील मालकाच्या सांगण्यानुसार बाहेरच्या पानाची किंमत आतल्या सगळ्या पानांच्या बरोबरीची असते, त्यामुळे हे बाजूला टाकणेही हिशेबात धरलेले असते. तुमच्या सासऱ्यांना तो हिशेब विचारायला लावा. मालक त्यांना सोडणार नाहीत.

आता खऱ्याखोट्याची ओळख. जेथे पानांची कोठी नाही, तेथे कारखाना नाही. दारातच एक बाक, त्यावर टोपी घातलेला एक कारागीर आणि मागे भिंतभर विक्रीचे डबे असतील, तर तो देखावा समजावा. खऱ्या ठिकाणी गाठोड्यांवर पानाचा प्रकार व साल लिहिलेले असते, एका कोपऱ्यात कोणीतरी पाने ओलावून मधली शीर ओढून काढत असते, साच्यांची चवड असते आणि तुम्ही आत आलात तरी वळणाऱ्यांचे हात थांबत नाहीत. ‘सगळा तंबाखू आमच्याच शेतातला’ असे कोणी ठासून सांगितले, तर जरा थांबावे. आतली पाने सिबाओतील असतात हे खरे, पण बाहेरचे पान बऱ्याचदा एक्वादोरहून येते. तेथील कायमच्या ढगाळ हवेत पान पातळ व एकसारखे निपजते. प्रामाणिक मालक हे स्वतःहून सांगतो.

वनौषधी

मुलीच्या प्रश्नावर लिहितो. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. तास-दीड तास वळणीच्या खोलीत उभे राहण्याने निरोगी किशोरवयीन मुलीला काही अपाय होईल, असे मला वाटत नाही. परंतु तिला दमा असेल, तर नेऊ नये. पाने झटकताना बारीक धूळ उडते, आणि जेथे पाने आंबवण्याचे ढीग असतात, तेथे अमोनियाचा वास डोळ्यांत पाणी आणतो. लहान कारखाने बहुतेक वेळा आधीच आंबवलेली पाने विकत घेतात, त्यामुळे तेथे हा त्रास कमी असतो. त्याहून मोठी गोष्ट धुराची. अनेक मालक आणि कारागीर कामाच्या जागीच सिगार ओढतात, खोली बंदिस्त असते, आणि पाहुण्यांसमोर एक पेटवणे हा तेथे सत्काराचाच भाग मानला जातो. आधी नम्रपणे सांगितल्यास ते थांबतात. ओले तंबाखूचे पान उघड्या हाताने बराच वेळ हाताळू नये, कारण निकोटीन त्वचेतून शोषले जाते. शेतात ओली पाने तोडणाऱ्या मजुरांना त्यामुळे मळमळ आणि चक्कर येते. एखादे पान हातात घेऊन पाहिले, तर हात धुणे पुरेसे आहे.

सिगारच्या सहलींत आणखी एक वाक्य हमखास ऐकू येते, की मधली शीर काढली म्हणजे निकोटीनही गेले आणि म्हणून हाताने वळलेली सिगार निरुपद्रवी असते. हे साफ चूक आहे. निकोटीन शिरेपेक्षा पानाच्या पात्यात अधिक असते. शीर काढतात, ती नीट जळत नाही आणि वळताना पान फाडते म्हणून. सिगारचा धूर छातीत ओढला नाही, तरी तोंडाचा, घशाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग टळत नाही. मुलीला सोबत नेणारच असाल, तर हे तिला आधी सांगून ठेवावे. कारागिरीचे कौतुक करण्यात मग अडचण येणार नाही.

पैलतीर_न्यूजर्सी

सर्वांचे मनापासून आभार. डिसेंबरचा बेत रद्द करून फेब्रुवारीची विमाने पाहत आहे. सासऱ्यांनी ‘सीमाभागी’ यांचे उत्तर वाचून दाखवायला लावले आणि मजुरी नगावर असेल, तर सदोष माल कोणाच्या माथी मारतात, असे लगेच विचारले. दुसरे असे की, त्यांच्या निपाणीच्या जुन्या मित्रांसाठी भेट म्हणून थोड्या सिगार न्याव्यात, अशी त्यांची इच्छा आहे. त्याविषयी काही नियम आहेत का?

सीमाभागी

मी पाहिलेल्या ठिकाणी गाभा तयार झाला की, त्यातून हवा ओढून पाहणारे छोटे यंत्र होते. हवा अडली, तर तो गाभा वरचे पान चढण्याआधीच बोंचेरोकडे परत जात असे आणि त्याला तो पुन्हा, वेगळी मजुरी न घेता, करावा लागे. वरच्या पानाचा दोष रोलेराच्या खाती. इतरत्र वेगळी रीत असू शकेल, काकांनी तेथे जरूर विचारावे.

रानवाट

न्यायच्या सिगारविषयी. अमेरिकेत परतणाऱ्या रहिवाशाला करमुक्त सवलतीत १०० सिगार आणता येतात, आणि भारतात उतरताना बॅगेज नियमांनुसार प्रत्येकी २५ सिगारपर्यंत शुल्क लागत नाही. किनाऱ्यावर कोणी ‘क्यूबन’ म्हणून डबा पुढे केला, तर घेऊ नका. तो बहुधा बनावट असतो, आणि खरा निघाला, तरी सप्टेंबर २०२० पासून क्यूबन तंबाखू सामानातून अमेरिकेत आणण्यास मनाई आहे.

चिंचालमधील सिगारला बहुधा पट्टी, म्हणजे कंपनीच्या नावाची कागदी कडी, नसते, बिनपट्टीचे २५ नगांचे जुडगे मिळते आणि ते पट्टीवाल्या मालापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. मोठे कारखाने माल बाहेर पाठवण्याआधी अतिशीत खोलीत ठेवून तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी मारतात. घरगुती कारखान्यात तशी सोय असेलच असे नाही. म्हणून घरी पोहोचताच जुडगे हवाबंद पिशवीत घालून तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस साध्या फ्रिजमध्ये ठेवावे आणि त्यानंतरच बाहेर काढावे. उन्हाळ्यात निपाणीला जाईपर्यंत ती अंडी फुटली, तर मित्रांच्या हाती टाचणीएवढ्या भोकांची चाळण पडेल.

काही विकत न घेता पाहणे अशिष्ट नाही, परंतु तुम्ही त्यांचा नगावरचा वेळ घेत आहात. ज्या जोडीजवळ उभे राहाल, त्यांच्या हाती निघताना थोडे पेसो द्यावेत, मालकाच्या हाती नव्हे. फोटो काढण्याआधी ‘पेर्मिसो’ म्हणून परवानगी घ्यावी. भारतीय पारपत्रावर वैध अमेरिकी व्हिसा किंवा ग्रीनकार्ड असल्यास वेगळा व्हिसा लागत नाही, तेव्हा सासऱ्यांची अडचण नाही. मात्र त्यांचा अमेरिकेचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा, म्हणजे अनेक प्रवेशांचा, आहे ना आणि त्यांच्या मुक्कामाची मुदत शिल्लक आहे ना, हे तिकिटे काढण्याआधी पाहून घ्या. प्रवेशासाठीचा ‘ई-तिकीट’ अर्ज सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य भरता येतो. त्यासाठी पैसे मागणारी स्थळे टाळावीत.