समुद्रालगतच्या घराचं अंगण: जांभा की ग्रॅनाइट?

गडगेवाला:
गुहागरपासून मालवणपर्यंत हल्ली नवं घर झालं की अंगणात पॉलिशचा काळा ग्रॅनाइट नाहीतर कडाप्पा. मला हे अजिबात पटत नाही. वैशाखातल्या दुपारी त्यावर अनवाणी पाऊल ठेवता येत नाही, आणि पहिल्याच पावसात घरातली म्हातारी माणसं घसरतात. आपला जांभा पायाला खरखरीत, पाणी पिणारा. खाणीतून निघताना मऊ, म्हणून हवा तसा तासता येतो. वारा लागला की कठीण होतो. पाखाडी (दगडी पायवाट), गडगा (दगडी कुंपण), अंगण, सगळं त्याचंच करावं.

खारावारा:
पॉलिशबद्दल मान्य, जांभ्याबद्दल नाही. पाणी पिणं हाच समुद्राजवळ त्याचा दोष. खारं पाणी छिद्रांत मुरतं, उन्हाने पाणी उडून जातं, मीठ आत राहतं. त्याचे खडे वाढले की दगडाचा पापुद्रा सुटतो. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस चर्च बघा. १६०५ साली पूर्ण झालेलं, जांभ्याचं. १९५० च्या दशकात गिलावा काढला, आणि आता उघड्या जांभ्याची झीज ही मोठी चिंता झाली आहे. त्याच्या दर्शनी भागातला काळा दगड मात्र वसईहून आणलेला. फिकट रंगाचा, फ्लेम फिनिशचा, म्हणजे ज्वालेने पृष्ठभाग खरखरीत केलेला ग्रॅनाइट घ्या. तापतो कमी, घसरतही नाही.

गडगेवाला:
अहो, ती उंच भिंत आहे. अंगणातला चिरा, म्हणजे जांभ्याचा तासलेला ठोकळा, झिजला तर तेवढाच उपटून दुसरा बसवता येतो. आणि चिरा लगतच्या खाणीतून येतो, ग्रॅनाइट ट्रकने घाटावरून.

पाणंद:
दोघंही बसवण्याबद्दल काहीच बोलत नाही, आणि अंगण बिघडतं ते बहुतेक तिथेच. पिवळट-पांढऱ्या मातीचे डाग असलेला चिरा घेऊच नका, तो भुसभुशीत निघतो. खाली खडी-रेतीचा थर आणि पाण्याला उतार हवाच. चकाकी आणणारा सीलर जांभ्यावर मारू नका, ओल आत कोंडते. कोटा किंवा शहाबादी असेल तर ॲसिडने धुऊ नका. ते चुनखडीचे दगड, ॲसिड त्यांना खातं.

खारावारा:
उताराचं पटलं. तरी लाटांचे तुषार येतात अशा घराला मी जांभा सुचवणार नाही. खाडीच्या आत, माडांच्या आडोशाला असेल तर खुशाल घाला. फक्त गाडी उभी करायची जागा तिथेही ग्रॅनाइटची ठेवा, चाकांखाली चिऱ्याच्या कडा तुटतात.